यादी लावूनही उलटसुलट: तिहेरी तुलनेच्या फंक्शनमध्ये पुन्हा पुन्हा येणारा बग

"सॉर्टिंग बिघडलंय." तक्रार नेहमी याच शब्दांत येते. दहा-वीस नोंदींवर यादी व्यवस्थित लागते, टेस्ट पास होतात, आणि खऱ्या डेटावर मात्र मधल्याच दोन-चार ओळी भलत्या जागी दिसतात. कधी प्रोग्राम सरळ एक्सेप्शन फेकतो, तर कधी सेटमध्ये टाकलेली वस्तू गायब होते. मग कोणी डेटा आधी गाळून घेतं, कोणी दोनदा सॉर्ट करून बघतं, तक्रार बंद होते. काही महिन्यांनी दुसऱ्याच स्क्रीनवरून तीच तक्रार परत येते.

सॉर्टिंगची लायब्ररी यात जवळपास कधीच दोषी नसते. दोष असतो आपण तिला दिलेल्या कम्पॅरेटरमध्ये, म्हणजे दोन मूल्यं घेऊन ऋण, शून्य किंवा धन उत्तर देणाऱ्या त्या तीन ओळींच्या फंक्शनमध्ये. तीन ओळींचं आहे म्हणून ते कोणी तपासत नाही. प्रत्येक जण ते नव्याने लिहितो आणि प्रत्येक जण त्याच चार-पाच चुका करतो. हा बग मी इतक्या कोडबेसमध्ये दुरुस्त केलाय की शोधण्याचा एक क्रम अंगवळणी पडलाय. तोच इथे मांडतो. कोडचे नमुने कुठल्याही एका भाषेतले नाहीत, आपापल्या भाषेत उतरवून घ्या.

सॉर्टिंग तुमच्या फंक्शनवर विसंबून काही गोष्टी गृहीत धरतं. मूल्याची स्वतःशी तुलना केली तर उत्तर शून्य. अ आणि ब यांची जागा बदलली तर चिन्ह उलटं. अ हा ब-पेक्षा लहान आणि ब हा क-पेक्षा लहान असेल, तर अ हा क-पेक्षा लहानच. आणि ज्याचा सगळ्यांना विसर पडतो ती अट: अ आणि ब यांच्यात शून्य आलं, तर तिसऱ्या कुठल्याही क-शी तुलना करताना दोघांचं उत्तर सारखंच आलं पाहिजे. खाली येणारा प्रत्येक बग यांपैकी एखादी अट मोडतो. कुठली मोडली ते कळलं की कारण शोधायला वेळ लागत नाही.

पहिला संशयित: वजाबाकी

कम्पॅरेटर उघडला आणि त्यात "रिटर्न अ - ब" दिसलं, की मी तिथेच थांबतो. ही युक्ती पाठ्यपुस्तकांतून, मुलाखतींच्या तयारीतून आणि जुन्या कोडमधून इतकी पसरली आहे की ती चूक वाटतच नाही. लहान आकड्यांवर, उदाहरणार्थ वय किंवा पानांची संख्या, ती चालतेही. पण ३२ बिटांच्या साइन्ड (उणे आकडेही घेणाऱ्या) पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. अ २०० कोटी आणि ब उणे २०० कोटी असेल, तर खरा फरक ४०० कोटी. तो मावत नाही. जावात तो गुंडाळला जाऊन उणे २९,४९,६७,२९६ होतो, म्हणजे मोठा आकडा लहान ठरतो. सी भाषेत साइन्ड ओव्हरफ्लोचं (आकडा न मावण्याचं) वर्तन मानकाने ठरवलेलंच नाही, त्यामुळे कम्पायलर त्यातून काहीही अर्थ काढू शकतो.

"आमच्याकडे एवढे मोठे आकडे नाहीतच," असं उत्तर यावर मिळतं. म्हणून मला सगळ्यांत जास्त वेळा भेटलेलं रूप सांगतो: मिलिसेकंदांतल्या वेळा. वेळ ६४ बिटांची, वजाबाकीही ६४ बिटांत बरोबर होते, पण फंक्शनला ३२ बिटांचं उत्तर द्यायचं असतं म्हणून शेवटी कास्ट केलेलं, म्हणजे छोट्या प्रकारात बदललेलं असतं. वरचे बिट कापले जातात. ३२ बिटांत मिलिसेकंदांचे जेमतेम २४.८ दिवस मावतात. दोन नोंदींत त्याहून जास्त अंतर पडलं की चिन्ह उलटतं. ३० दिवसांचा फरक म्हणजे २,५९,२०,००,००० मिलिसेकंद; कास्टनंतर तो ऋण होतो आणि नंतरची नोंद आधीची ठरते. गंमत म्हणजे ४९.७ दिवस ओलांडल्यावर चिन्ह पुन्हा बरोबर येतं आणि ७४.५ दिवसांपर्यंत बरोबरच राहतं.

आता ०, २० आणि ४० व्या दिवसाच्या तीन नोंदी घ्या. पहिली दुसरीच्या आधी, दुसरी तिसरीच्या आधी, आणि तिसरी पहिलीच्या आधी! हे वर्तुळ आहे, आणि वर्तुळाची यादी कुठलाच अल्गोरिदम लावू शकत नाही. मागच्या दोन आठवड्यांचा अहवाल कायम बरोबर आणि तिमाही अहवाल कायम विस्कटलेला असेल, तर बाकी काही बघण्याआधी हा कास्ट शोधा.

दशांश आकड्यांवर कास्ट आणखी गुपचूप बिघाड करतो. ४.७ आणि ४.२ यांचा फरक ०.५, पूर्णांक केल्यावर शून्य. दोन वेगळी मूल्यं समान ठरली. अनसाइन्ड (उणे आकडे नसलेल्या) प्रकारात तर ३ - ५ ऋण येतच नाही. ३२ बिटांत ते ४,२९,४९,६७,२९४ येतं, आणि "फरक शून्यापेक्षा मोठा आहे का" या प्रश्नाला चुकीचं "हो" मिळतं.

वजाबाकीला जागा देणारं फंक्शन एका ओळीचं आहे:

तुलना(अ, ब):
    रिटर्न (अ > ब) - (अ < ब)

दोन्ही कंसांचं उत्तर ० किंवा १. त्यामुळे निकाल -१, ० किंवा १ याच तिघांपैकी असतो आणि ओव्हरफ्लोला वावच उरत नाही. पायथन ३ मधून जुनं तुलनेचं फंक्शन काढून टाकलं, तेव्हा त्याच्या बदल्यात हीच ओळ सुचवली गेली होती. हिच्यात फांदी (जर-तर) नसल्याने चांगला कम्पायलर यातून अगदी मोजक्या सूचना काढतो. वेगासाठी वजाबाकी हवी हा युक्तिवाद म्हणूनच मला पटत नाही. सी-मध्ये याचा मॅक्रो करणार असाल तर एक धोका लक्षात ठेवा: अ आणि ब दोन-दोनदा लिहिले जातात, म्हणून "आय++" असं आकडा एकने वाढवणारं काही आत दिलं तर तेही दोनदा चालतं. शिवाय मॅक्रो प्रकार तपासत नाही. उणे १ ची तुलना अनसाइन्ड १ शी केली की उणे १ मोठा ठरतो. जेनेरिक (अनेक प्रकारांवर चालणाऱ्या) फंक्शनमध्ये दोन्ही बाजूंना एकच प्रकार सक्तीचा करावा, तो याच कारणासाठी.

उत्तर बरोबर, वाचणारा चूक

कधी कम्पॅरेटर बरोबर असतो, पण त्याचं उत्तर वापरणारा कोड चुकतो. सी-च्या स्ट्रिंग तुलनेच्या फंक्शनचा करार फक्त चिन्हाचा आहे, -१ आणि १ चा नाही. "उत्तर == -१" असं तपासणारा कोड एका मशीनवर चालतो आणि लायब्ररी बदलली की बंद पडतो. नेहमी शून्याशीच तुलना करा.

उत्तर छोट्या प्रकारात कोंबणं हा याचाच भाऊबंद. २०१२ मध्ये मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेसमध्ये सापडलेली सुरक्षेची चूक याच जातीची होती. मेमरी तुलनेचं उत्तर एका बाइटमध्ये साठवलं जात होतं. काही बिल्डमध्ये ते फंक्शन एका बाइटमध्ये न मावणारे आकडे परत करत असे. शेवटचे आठ बिट शून्य आले की "समान" असा निष्कर्ष निघे, आणि सुमारे २५६ पैकी एका प्रयत्नात चुकीचा पासवर्डही स्वीकारला जाई.

क्रम उलटा करायला उत्तरासमोर उणे चिन्ह लावण्याची सवयही सोडा. किमान पूर्णांकाला उणे लावलं तर गुंडाळणाऱ्या भाषांत तो किमानच राहतो. उलटा क्रम हवा तर तुलना(ब, अ) म्हणा.

जावास्क्रिप्टवाल्यांसाठी दोन गोष्टी. कम्पॅरेटर दिलाच नाही तर मूल्यं स्ट्रिंग म्हणून लावली जातात: १, १०, ९. आणि "अ > ब" एवढंच परत केलं तर उत्तर फक्त १ किंवा ० येतं, -१ कधीच नाही. क्रोमच्या जावास्क्रिप्ट इंजिनाच्या, व्ही८ च्या, जुन्या आवृत्त्यांमध्ये दहापर्यंतच्या यादीला इन्सर्शन सॉर्ट लागायचा, त्यात ही चूक खपून जायची. २०१८ मध्ये क्रोम ७० बरोबर टिमसॉर्ट हा दुसरा अल्गोरिदम आला आणि वर्षानुवर्षं "चालणारा" कोड एका अपडेटमध्ये उघडा पडला.

नॅन

वरच्या एका ओळीच्या फंक्शनचं कौतुक केलं, पण फ्लोटिंग पॉइंट आला की तेही फसतं, आणि तेच लोकांच्या सगळ्यांत उशिरा लक्षात येतं. नॅन म्हणजे "हा आकडाच नाही" असं सांगणारं मूल्य. त्याच्याशी केलेली लहान, मोठा, समान ही प्रत्येक तुलना खोटी ठरते. म्हणून (अ > ब) - (अ < ब) चं उत्तर शून्य, म्हणजे नॅन जगातल्या प्रत्येक आकड्याशी समान! ३ समान नॅन, नॅन समान १, पण ३ मोठा १ पेक्षा. चौथी अट मोडली.

३, नॅन, १ ही यादी पायथनमध्ये सॉर्ट करून बघा. जशी दिली तशीच परत मिळते, एक शब्दही तक्रार न करता. मोठ्या यादीत एकच नॅन भिंतीसारखा उभा राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे आपापले लागतात. यादी तुकड्यातुकड्याने बरोबर दिसत असेल, तर नॅन शोधाच.

यावर "नॅन आमच्या डेटात येणार नाही" हा उपाय नव्हे. शून्य भागिले शून्य कुठेतरी होतंच. नॅन कुठे बसणार हे फंक्शननेच ठरवायला हवं:

तुलना_दशांश(अ, ब):
    जर अ < ब: रिटर्न -१
    जर अ > ब: रिटर्न १
    जर अ == ब: रिटर्न ०
    रिटर्न (अ != अ) - (ब != ब)

शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचलो म्हणजे दोघांपैकी किमान एक नॅन आहे. स्वतःशी समान नसलेली एकमेव गोष्ट नॅन, त्यामुळे तपासणी तिथेच होते. दोन्ही नॅन असतील तर शून्य, फक्त अ असेल तर १. सगळे नॅन यादीच्या शेवटी जमा होतात.

शेवटीच का, सुरुवातीला का नाही? दोन्ही चालतं, पण सगळीकडे एकच हवं. जावाची डबल तुलना नॅनला सगळ्यांत मोठा मानते. गो भाषेच्या तुलनेच्या पॅकेजमध्ये तो सगळ्यांत लहान आहे. एक सेवा जावात, दुसरी गोमध्ये, दोघी आपापली यादी लावून पाठवतात आणि तिसरी त्या एकत्र विणते, अशी रचना असेल तर दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असूनही विणलेली यादी चूक निघते. अशा ठिकाणी मी दोन दिवस कम्पॅरेटर वाचत बसलो होतो आणि दोन्ही निर्दोष होते.

रस्ट भाषेचा मार्ग मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. तिथे दशांश आकड्यांना पूर्ण क्रम मिळतच नाही. आंशिक तुलना "उत्तर नाही" असंही म्हणू शकते, आणि त्याचं काय करायचं ते तुम्हाला लिहावंच लागतं. २०२२ पासून पूर्ण क्रमाची तुलना वेगळ्या नावाने उपलब्ध आहे. सी++२० मधला <=> ऑपरेटरही याच विचाराने तीन निरनिराळे उत्तर-प्रकार देतो: पक्का क्रम, सैल क्रम आणि आंशिक क्रम. दशांशांवर तो आंशिकच देतो. प्रकाराचं नाव वाचलं तरी धोका कळतो. रुबीतही न जुळणाऱ्या वस्तूंवर <=> निल देतो, शून्य नाही. "तुलना होत नाही" आणि "समान आहेत" ही दोन वेगळी उत्तरं आहेत; त्यांना एकाच शून्यात बसवलं की पुढचं सगळं बिघडतं.

याच न्यायाने "जवळजवळ समान असेल तर शून्य" हा सद्हेतूने लिहिलेला कोडही चूक आहे. सहनशीलता ०.१ ठेवली तर १.०० आणि १.०६ समान, १.०६ आणि १.१२ समान, पण १.०० आणि १.१२ वेगळे. तेवढी सूट हवीच असेल तर सॉर्टच्या आधी आकडे ठरावीक पायऱ्यांवर गोल करा आणि मग काटेकोर तुलना करा.

रिकामी मूल्यं, अनेक किल्ल्या, बदलतं घड्याळ

नलची चूक साधी पण सर्वत्र आहे: "अ नल असेल तर -१". दोघंही नल असतील तेव्हाही -१ येतो, जागा बदलली तरी -१. दुसरी अट मोडली. दोघं नल आहेत का, हे आधी विचारा.

अनेक किल्ल्यांवर (आडनाव, तारीख अशा रकान्यांवर) क्रम लावताना पहिलं शून्येतर उत्तर घ्यायचं, एवढाच नियम. त्याचे गुणाकार-बेरजांचे प्रकार करू नका. जवळपास प्रत्येक भाषेत जोडणी तयार मिळते, तीच वापरा. जावात मात्र एक सापळा आहे: साखळीच्या शेवटी उलट करण्याची मेथड लावली, तर फक्त शेवटची किल्ली नव्हे, तोवरची सगळी साखळी उलटते. "आडनाव चढतं, तारीख उतरती" हवं असताना आडनावंही उलटी लागतात ती यामुळे.

कम्पॅरेटर शब्दशः बरोबर असूनही बग येत राहिला, तर विचारा की तुलना चालू असताना मूल्यं बदलतात का. "आत्तापासून किती वेळ झाला" असं प्रत्येक तुलनेत नव्याने मोजणारं फंक्शन, किंवा दुसरा थ्रेड जिचे गुण बदलतोय अशी यादी. पहिल्या तुलनेतला अ आणि शंभराव्या तुलनेतला अ एकच राहत नाही. किल्ल्या आधी काढून ठेवा, मग सॉर्ट करा.

सेटमधून वस्तू गायब होण्याचं कारणही कम्पॅरेटरच. क्रमवार सेटसाठी शून्य म्हणजे "हीच ती वस्तू". फक्त आडनावावर तुलना करणारा कम्पॅरेटर दिला तर एका आडनावाची एकच व्यक्ती उरते. जावाच्या बिगडेसिमलमध्ये २.० आणि २.०० हॅशसेटला दोन वाटतात आणि ट्रीसेटला एक. सेटसाठी शेवटची किल्ली म्हणून एकमेव ओळखक्रमांक जोडा.

हा बग टेस्टमध्ये का सापडत नाही

कारण छोट्या यादीत तो दिसावा अशी सोयच नसते. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी लिहिलेला टिमसॉर्ट जावाने २०११ च्या सातव्या आवृत्तीत घेतला, आणि तेव्हापासून "कम्पॅरिझन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट" हे एक्सेप्शन दिसू लागलं. पण हा झेल फक्त विलीनीकरणाच्या पायरीवर लागतो. ३२ पेक्षा कमी नोंदी असतील तर जावा विलीनीकरण करतच नाही. दहा नोंदींची टेस्ट हा एक्सेप्शन कधीच पाहू शकणार नाही. मोठ्या यादीतही तो लागेलच असं नाही. विसंगती योगायोगाने समोर आली तरच लागतो. एक्सेप्शन येत नाही म्हणजे कम्पॅरेटर बरोबर आहे, असा अर्थ कृपया काढू नका. आणि जुना मर्ज सॉर्ट परत आणणारा फ्लॅग लावून एक्सेप्शन बंद करणं तर अजिबात नको. यादी तेव्हाही चुकीचीच लागते, फक्त कळायचं बंद होतं.

सी आणि सी++ मध्ये एवढीही दया नाही. सी++ च्या सॉर्टला < च्या जागी <= दिलं तर तो यादीच्या बाहेरची मेमरी वाचू शकतो. जानेवारी २०२४ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी जीलिबसीच्या (लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या) क्यूसॉर्टबद्दल हेच दाखवलं: मेमरी मिळाली नाही की तो दुसऱ्या पद्धतीवर उतरायचा, आणि तेव्हा कम्पॅरेटर विसंगत असेल तर ॲरेच्या हद्दीबाहेर वाचन-लेखन होऊ शकत होतं. त्यांनी दिलेलं विसंगत कम्पॅरेटरचं उदाहरण होतं पूर्णांकांची साधी वजाबाकी.

म्हणून टेस्ट यादीची नको, अटींची हवी. त्रासदायक मूल्यांचा एक छोटा संच करा: किमान आणि कमाल पूर्णांक, ०, १, -१, उणे शून्य, दोन्ही अनंत, नॅन, नल, रिकामी स्ट्रिंग, २५ आणि ५० दिवसांच्या अंतरावरच्या वेळा. मग सगळे त्रिक फिरवा:

प्रत्येक अ, ब, क साठी:
    तपासा चिन्ह(तुलना(अ, अ)) == ०
    तपासा चिन्ह(तुलना(अ, ब)) == -चिन्ह(तुलना(ब, अ))
    जर तुलना(अ, ब) <= ० आणि तुलना(ब, क) <= ०:
        तपासा तुलना(अ, क) <= ०
    जर तुलना(अ, ब) == ०:
        तपासा चिन्ह(तुलना(अ, क)) == चिन्ह(तुलना(ब, क))

वीस मूल्यांचे आठ हजार त्रिक होतात. ते क्षणात संपतात. टेस्ट पडली की हातात नेमके तीन आकडे येतात आणि लाखभर नोंदींत हात घालावा लागत नाही. फंक्शन जेनेरिक असेल तर ही टेस्टही जेनेरिक लिहा, म्हणजे नवा प्रकार आला की फक्त मूल्यांचा संच द्यायचा.

फंक्शन कुठे ठेवायचं

प्रकल्पात जेनेरिक तुलना एकाच ठिकाणी ठेवा आणि प्रकारावर बंधन घाला: ज्यांना खरोखर पूर्ण क्रम आहे त्यांनाच आत प्रवेश. रस्ट, हॅस्केल, जावा सगळीकडे त्यासाठी सोय आहे. गोमध्ये जेनेरिक्स २०२२ च्या १.१८ आवृत्तीत आले आणि तुलनेचं तयार फंक्शन २०२३ च्या १.२१ मध्ये, त्याआधी लिहिलेल्या कोडमध्ये घरगुती नमुने अजून पडून असतात, ते काढून टाका. जावात सातव्या आवृत्तीपासून पूर्णांकांसाठी तयार तुलना आहे. नवं काही लिहिण्याआधी हे बघाच.

भाषा परवानगी देत असेल तर उत्तराचा प्रकार पूर्णांक ठेवू नका. लहान, समान, मोठा अशा तीन नावांचा इनम द्या. मग "रिटर्न अ - ब" कम्पाइलच होणार नाही, आणि -१ शी तुलना करण्याचा प्रश्नही येणार नाही. एवढ्या एका बदलाने वरचे निम्मे बग लिहिताच येत नाहीत.

फक्त "लहान आहे का" एवढंच सांगणारा प्रकार हाताशी असेल, तर तिहेरी उत्तर दोन हाकांत मिळतं: आधी लहान(अ, ब), मग लहान(ब, अ), दोन्ही खोटं तर शून्य. बरोबर आहे, पण लांबलचक समान सुरुवात असलेल्या स्ट्रिंगवर तेच काम दोनदा होतं. अशा प्रकारांना तिहेरी तुलना मुळापासून लिहावी आणि "लहान" तिच्यातून काढावं.

जुन्या कोडमध्ये शोध घ्यायचा असेल तर सॉर्टला केलेल्या प्रत्येक हाकेशेजारी वजाबाकी, पूर्णांकाचा कास्ट आणि उणे चिन्ह असलेला रिटर्न हे तीन नमुने शोधा. जे सापडेल ते सामायिक फंक्शनने बदला आणि त्रिकांच्या टेस्टमध्ये त्या प्रकाराची मूल्यं घाला. त्यानंतरही यादी विस्कटली, तर ज्या तीन नोंदींवर क्रम तुटतो त्या तीन तेवढ्या बाजूला काढा आणि त्यांच्या सहाही तुलना छापून बघा.